कोर्टाची पायरी चढा!

कर्जदार, जामीनदार आणि त्यांच्या घरच्यांना एका निवृत्त बेलिफाचे कळकळीचे आवाहन

मंडळी,

मार्चअखेर तोंडावर आली आहे. बँका, फायनान्स कंपन्या, पतसंस्था, सगळ्यांना थकबाकीचा आकडा खाली आणायची घाई झाली आहे. आता फोन वाढतील, वकिलांच्या नोटिसा वाढतील, लोकअदालतीच्या तारखा पडतील. ज्याच्या घरात एक जरी हप्ता थकला आहे, किंवा ज्याने मित्राच्या, मेव्हण्याच्या कर्जाला जामीन म्हणून सही ठोकली आहे, त्याने हे आजच वाचावे. ज्याचे काही थकलेले नाही, त्याने शेजाऱ्याला वाचून दाखवावे.

मी एकतीस वर्षे दिवाणी न्यायालयात बेलिफ होतो. समन्स बजावायचे, जप्तीचे वॉरंट घेऊन जायचे, पंचनामा करायचा, नाझरसाहेबांकडे अहवाल द्यायचा, हे माझे काम. निवृत्तीनंतर तालुका विधी सेवा समितीत विधी स्वयंसेवक म्हणून आठवड्यातून दोन दिवस बसतो. मी वकील नाही. पण कुठला कागद कुठल्या दारात गेला आणि पुढे त्या घराचे काय झाले, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

गेल्या महिन्यातल्या एकाच दिवसाच्या दोन गोष्टी सांगतो.

सकाळी एक बाई आल्या. डबे करून देतात. मोबाइलवरच्या ॲपमधून कर्ज काढलेले, तीन हप्ते थकलेले. त्यांनी फोन पुढे केला. व्हॉट्सॲपवर आलेला कागद. वर तराजू, बाजूला तिरंगी पट्टी, मधोमध लाल अक्षरांत ‘अंतिम चेतावनी’. खाली लिहिलेले: आज दुपारी चारपर्यंत रक्कम न भरल्यास लोकअदालतीतर्फे अटक वॉरंट निघेल. बाईंनी कानातले गहाण ठेवून आदल्या दिवशी दुपारी तीन वाजता ९,००० रुपये पाठवले होते. कुणाला पाठवले, म्हणून पाहिले तर यूपीआयवर एका माणसाचे नाव. कंपनीचे नव्हे. कर्जखात्यावर त्यातला एक रुपया जमा झालेला नव्हता. मी कागद पुन्हा वाचला. केस नंबर नाही, न्यायाधीश नाहीत, तालुका नाही, सुनावणीची तारीख नाही.

दुपारी एक गृहस्थ आले. शाळेत शिपाई. वर्गमित्राच्या कर्जाला पतसंस्थेत जामीन राहिलेले. वर्गमित्र गाव सोडून गेला. सहकार खात्याच्या सहायक निबंधकांच्या कार्यालयातून यांच्या नावे साधे खाकी पाकीट आले होते. सहकार कायद्याच्या कलम १०१ खालच्या सुनावणीची तारीख. पाकीट बायकोने कपाटात साड्यांखाली ठेवले आणि तारीख निघून गेली. आता वसुली दाखला निघून पगाराला हात लागला होता. मी विचारले, “पाकीट उघडले नव्हते का?” म्हणाले, “उघडले होते हो. पण त्यात धमकी काहीच नव्हती.”

मंडळी, हे सगळे लिहिण्याचे कारण ते एक वाक्य आहे. ज्या कागदाला आपण घाबरतो त्यात बहुतेकदा दम नसतो, आणि ज्या कागदाने पगार, गाडी, घर जाते तो आरडाओरडा करत नाही. त्याच्यावर एक नंबर असतो, एक शिक्का असतो, एक तारीख असते. बस्स. आपण पहिल्याला पैसे देतो आणि दुसऱ्याला कपाटात ठेवतो. हे उलटे करा, एवढीच माझी विनंती आहे.

ओरडणारे कागद

वकिलाची नोटीस म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे. वकील त्याच्या पक्षकारातर्फे तुम्हाला पत्र लिहितो, एवढाच तिचा अर्थ. ‘सात दिवसांत रक्कम भरा, अन्यथा दिवाणी व फौजदारी कारवाई’ हे वाक्य छापील असते, हजारो पाकिटांत तेच असते. नोटीस फाडू नका, उत्तर द्या. पण ती आली म्हणून घरातले सोने मोडायला धावू नका.

‘लघुवाद न्यायालयात खेचू’ असेही लिहितात. नाव ऐकून लोकांना वाटते, हे काही तरी झटपट शिक्षेचे कोर्ट असावे. लघुवाद न्यायालय म्हणजे जुन्या माणसांचे स्मॉल कॉज कोर्ट. मुंबईत धोबी तलावाजवळ आहे, १८८२ च्या कायद्याने चालते. पुण्यातही आहे. तिथे मुख्यतः भाडेकरू-मालकांचे वाद चालतात. ते दिवाणी न्यायालय आहे, तुम्हाला बाजू मांडायची संधी दिल्याशिवाय ते काही ठरवत नाही.

लोकअदालतीचे नाव तर सर्रास वापरतात. खरी लोकअदालत १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली भरते, राष्ट्रीय लोकअदालत वर्षातून चारदा होते. तिथे बँकेची दाखलपूर्व प्रकरणेही घेतात, म्हणजे अजून दावाच झालेला नाही अशी. तिथे दोघांचे जमले तर तडजोड होते, नाही जमले तर प्रकरण होते तिथे परत जाते. अशा प्रकरणात गेला नाहीत म्हणून लोकअदालत अटक करत नाही. मात्र एक लक्षात ठेवा: तिथे तडजोडीवर सही केलीत की तो निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील नसते. झेपेल तेवढ्याच आकड्यावर सही करा.

आणि अटक. कर्ज थकले म्हणून पोलीस घरी येत नाहीत, कर्जवसुली हे पोलिसांचे काम नाही. हुकूमनामा झाल्यावरसुद्धा पैसे असून जो लबाडीने देत नाही त्याच्यासाठीच दिवाणी कैदेची तरतूद आहे. ज्याच्याकडे खरोखर नाही त्याला गरिबीसाठी तुरुंगात टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० सालीच जॉली जॉर्ज वर्गीस यांच्या खटल्यात सांगितले आहे. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला तर अटक करताच येत नाही, दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ५६ आहे. व्हिडिओ कॉलवर कुणी गणवेशात बसून ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणाला, तर कॉल बंद करा आणि १९३० ला कळवा. असली अटक कुठल्याही कायद्यात नाही.

मुके कागद

आता ज्यांना खरोखर भ्यायचे, म्हणजे ज्यांची तारीख पाळायची, ते कागद. यादी कापून ठेवा.

दिवाणी दाव्याचे समन्स. बजावल्यापासून ३० दिवसांत कैफियत, म्हणजे लेखी जबाब द्यायचा. कोर्ट सबळ कारण असेल तर ९० दिवसांपर्यंत मुदत वाढवते. समन्सवर ‘ऑर्डर ३७’ किंवा ‘समरी सूट’ असे दिसले तर दिवस फक्त १०. तेवढ्यात हजेरी लावली नाही तर समोरच्याला हुकूमनामा मागता येतो.

चेकची नोटीस. चेक न वटल्यावर कलम १३८ खाली येणारी नोटीस ही वकिलाची असली तरी साधी नाही. ती मिळाल्यापासून १५ दिवसांत चेकची रक्कम भरली तर गुन्हाच होत नाही. नाही भरली तर समोरच्याला पुढच्या एका महिन्यात फौजदारी तक्रार करता येते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बँक खात्यातून हप्ता कापण्याची जी संमती आपण देतो, ती परत गेली तरी २००७ च्या पेमेंट कायद्याच्या कलम २५ खाली अशीच तक्रार होते. कर्ज थकल्याने वॉरंट निघत नाही, पण या फौजदारी प्रकरणात समन्स येऊन तुम्ही कोर्टात गेला नाहीत, तर मात्र निघते. हा फरक ज्याला कळला त्याची निम्मी भीती गेली आणि निम्मी जागेवर आली.

पतसंस्थेचे कलम १०१. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०. निबंधकांपुढे सुनावणी होते, वसुली दाखला निघतो आणि मग संस्थेचा वसुली अधिकारी कलम १५६ खाली जप्ती आणि विक्रीपर्यंत जातो. दिवाणी दाव्याची वाट पाहावी लागत नाही. दाखल्याविरुद्ध फेरतपासणी मागायची तर निम्मी रक्कम आधी भरावी लागते. म्हणून जे काय बोलायचे ते सुनावणीतच बोला: सही माझी नाही, भरलेल्या पावत्या जमा धरलेल्या नाहीत, व्याज चुकीचे लावले आहे. जामीनदारांनो, करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे तुमची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. ‘आधी त्याच्याकडे जा’ हे तिथे चालत नाही. पैसे भरावेच लागले तर ते मूळ कर्जदाराकडून वसूल करण्याचा हक्क तुम्हाला आहे. पावत्या जपा.

लवादाची नोटीस. चेन्नई, दिल्ली, कोलकात्याहून पाकीट येते: ‘आम्ही अमुक वकिलांना लवाद नेमले आहे.’ गाडीच्या, वैयक्तिक कर्जाच्या करारात बारीक अक्षरांत ते लिहिलेले असते. एवढ्या लांब कोण जाणार, म्हणून लोक सोडून देतात. सोडू नका. कंपनीने एकटीने नेमलेला लवाद चालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाचे २०१९ पासूनचे निकाल आहेत. पण हे तुम्ही लेखी म्हणायला हवे. निवाडा झाला तर त्याची अंमलबजावणी हुकूमनाम्यासारखीच होते, आणि त्याला आव्हान द्यायला साधारण तीनच महिने असतात.

घरावरच्या कर्जाची ६० दिवसांची नोटीस. सरफेसी कायदा, २००२, कलम १३(२). यात बँक कोर्टात न जाता घराचा ताबा घेण्याकडे सरकते. लेखी हरकत घ्या, बँकेला १५ दिवसांत तिचे उत्तर द्यावे लागते. ताब्याची कारवाई झाली तर ४५ दिवसांत कर्ज वसुली न्यायाधिकरणाकडे जाता येते. मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला ती आहेत. शेतजमीन या कायद्यात येत नाही.

दार लावून काही होत नाही

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. मी समन्स घेऊन गेलो की लोक मागच्या दाराने जायचे. एकदा एक गृहस्थ न्हाणीच्या भिंतीवरून उडी मारून उसात शिरले. पुढच्या ओसरीवर त्यांचा चहा वाफाळत होता. आत्या म्हणाल्या, “तो मुंबईला असतो.” मी काय करणार? समन्स बाहेरच्या दारावर डकवले, शेजारच्या दोघांच्या सह्या घेतल्या, वेळ लिहिली, अहवाल दिला. समन्स बजावले गेले. घरातल्या मोठ्या माणसाने घेतले तरी ते तुम्हाला मिळाले. पोस्टाचे पाकीट ‘घेण्यास नकार’ शेरा घेऊन परत गेले तरी कायदा सहसा ते मिळाले असेच धरतो.

त्या गृहस्थांविरुद्ध दावा एकतर्फी झाला. कर्ज देणाऱ्या कंपनीने जो आकडा लिहिला तोच हुकूमनाम्यात आला, दंडासकट. वर्षभराने त्याच्या अंमलबजावणीची दरखास्त लागली आणि मी पुन्हा त्याच दारात गेलो, या वेळी जप्तीचे वॉरंट घेऊन. त्यांनी मला पाच वर्षांच्या पावत्यांची पिशवी दाखवली. कर्जातले बरेच पैसे त्यांनी खरोखर भरले होते. पण पिशवी बघणे हे बेलिफाचे काम नाही. ती न्यायाधीशांपुढे उघडायची होती, आणि त्या दिवशी ते उसात होते.

हुकूमनामा बारा वर्षे जिवंत राहतो. तुमच्याविरुद्ध एकतर्फी झाला असेल आणि आत्ताच कळले असेल, तर आजच वकील गाठा. तो रद्द करून मागण्याची मुदत फक्त ३० दिवसांची आहे. समन्स नीट बजावले नसेल तर ती हुकूमनामा कळल्यापासून मोजतात, एरवी हुकूमनाम्याच्या तारखेपासून.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपण पोरांना शिकवतो. स्वतःहून भांडण उकरून काढणाऱ्यासाठी ती म्हण ठीक आहे. पण दावा तुमच्यावर लागला असेल, तर पायरी न चढणाराच पस्तावतो, हे मी एकतीस वर्षे बघितले.

पायरी चढली की काय होते

पहिली गोष्ट, समोरच्याला हिशेब द्यावा लागतो. मुद्दल किती, व्याज किती, दंड किती. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्येच सांगितले आहे की हप्ता चुकल्याचा दंड मुद्दलात मिसळून त्यावर पुन्हा व्याज लावता येणार नाही. हे फोनवर कुणी तुमच्याकडून ऐकून घेणार नाही. न्यायाधीशांपुढे ऐकावे लागते.

दुसरी, रक्कम मान्य असेल तर कोर्टाकडे हप्ते मागता येतात. तिसरी, वकील परवडत नसेल तर सरकार देते. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग, औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांना महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असेल तर विनामूल्य वकील मिळतो. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुक्याला समिती आहे. नंबर १५१००.

आणि जप्ती आलीच, तरी बेलिफ सगळे उचलून नेत नाही. संहितेचे कलम ६० वाचून घ्या. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्माप्रमाणे बाईने अंगावरून काढू नयेत असे दागिने, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे, बैल, बियाणे यांना हात लावता येत नाही. शेतकऱ्याच्या आणि मजुराच्या राहत्या घराला संरक्षण आहे. पगारातले पहिले हजार रुपये आणि उरलेल्यातला दोन तृतीयांश भाग साध्या कर्जाच्या हुकूमनाम्यात जप्त होत नाही. भविष्य निर्वाह निधीही नाही. मात्र जी वस्तूच तारण दिली आहे, ती गाडी किंवा ते घर, तिला ही ढाल नाही.

फोनवाले आणि दारावरचे

कर्जवसुलीचा माणूस पाठवणे बेकायदा नाही, पण त्याला वेसण आहे. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाप्रमाणे सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही. शिवीगाळ, धमकी, चारचौघांत अपमान, नातेवाइकांना आणि मित्रांना फोन, हे सगळे बंद. बचतगटातल्या बायांनो, मायक्रोफायनान्सच्या कर्जाला तर सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा एवढीच वेळ आहे. वसुली ठरलेल्या जागी व्हायची, लागोपाठ दोनदा तिथे गेला नाहीत तरच माणूस घरी येऊ शकतो. बँकेच्या एजंटाकडे ओळखपत्र आणि बँकेचे अधिकारपत्र हवे. आधी ते मागा, मग बोला.

नियम मोडला तर आधी त्याच बँकेला किंवा कंपनीला लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा समाधान नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. फुकट आहे, वकील लागत नाही, चौकशीसाठी १४४४८. धमकी दिली तर भारतीय न्याय संहितेचे कलम ३५१ आहे, खंडणीला ३०८, खोटा पोलीस किंवा सरकारी अधिकारी बनून बोलला तर २०४. पोलीस ठाण्यात लेखी द्या, पोच घ्या. वकीलच शिवीगाळ करतो किंवा खोटे हुकूम पाठवतो, अशी खात्री असेल तर बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे तक्रार करता येते.

गावातल्या सावकाराची गोष्ट वेगळी. २०१४ च्या सावकारी कायद्याप्रमाणे परवाना नसताना सावकारी करणे गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद आहे. तक्रार सहकार खात्याच्या निबंधकांकडे करा.

सहीच्या आधी

घेतलेले पैसे द्यायचे असतात. हे आवाहन बुडवणाऱ्यांसाठी नाही. देताना आंधळेपणाने देऊ नका, एवढेच सांगतोय.

एकरकमी तडजोड फोनवर होत नाही. कंपनीच्या कागदावर, रक्कम, तारीख आणि ‘यानंतर बाकी राहणार नाही’ असे लिहून घ्या, मग भरा. भरणा कर्जखात्यातच करा. नंतर बेबाकी दाखला घ्या, तारण सोडवा, दिलेले कोरे चेक परत घ्या. तडजोड केली की पत अहवालात ‘सेटल्ड’ शेरा येतो आणि पुढचे कर्ज अवघड होते, हे आधी माहीत असू द्या.

साध्या उसनवारीच्या आणि वैयक्तिक कर्जाच्या दाव्याला बहुधा तीन वर्षांची मुदत असते. जुने, विसरलेले कर्ज उकरून कुणी म्हणाले, “फक्त पाचशे भरा, या कागदावर सही करा,” तर थांबा. तीन वर्षे उलटायच्या आत केलेल्या लेखी कबुलीने किंवा थोड्या भरण्याने मुदत नव्याने सुरू होते, आणि उलटल्यावर दिलेले लेखी वचनसुद्धा बांधते. अशी सही वकिलाला दाखवल्याशिवाय करू नका.

घरातले कर्ते माणूस गेले असेल तर वारसांवर त्यांनी मागे ठेवलेल्या मिळकतीपुरतीच जबाबदारी येते. तुम्ही जामीन नसाल तर तुमच्या स्वतःच्या पगारावर नाही. दहाव्याच्या आधी येऊन सही मागणाऱ्याला हे सांगा.

आजच करायचे

१. घरातली सगळी न उघडलेली पाकिटे कपाट, देवघर, टीव्हीच्या मागून बाहेर काढा आणि उघडा. पाकिटावर मिळाल्याची तारीख लिहा.

२. कागदावर प्रकरणाचा नंबर शोधा. न्यायालयातल्या प्रकरणाला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो. तो ई-कोर्ट्सच्या ॲपवर किंवा संकेतस्थळावर टाकून बघा. क्रमांक नसेल तर जिल्हा निवडून स्वतःच्या नावाने शोधा. जमत नसेल तर न्यायालयातल्या ई-सेवा केंद्रात जा. हल्ली खरे समन्सही मोबाइलवर किंवा ई-मेलने येऊ शकते, म्हणून कागद कुठून आला ते पाहू नका, क्रमांक खरा आहे का ते पाहा.

३. मुदतीचा शेवटचा दिवस भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लाल शाईने लिहा. त्याच्या आठ दिवस आधीचाही.

४. वकिलाच्या नोटिशीला थोडक्यात लेखी उत्तर द्या: खातेउतारा, कराराची प्रत आणि मुद्दल-व्याज-दंडाचा वेगवेगळा हिशेब पाठवा, तोपर्यंत आकडा मान्य नाही. स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपा. चेकची नोटीस असेल तर आधी वकील गाठा, पंधरा दिवस पटकन संपतात.

५. धमकीचे फोन आले की तारीख, वेळ, नंबर वहीत लिहा. मेसेज पुसू नका.

६. कुणाच्या वैयक्तिक नावावर पैसे पाठवू नका.

७. तारखेला जा. वकील मिळाला नाही तरी जा. पुकारा झाला की उभे राहा आणि सांगा, “साहेब, मला समन्स मिळाले आहे, वकील नेमायला मुदत द्यावी.” एवढे एक वाक्य पुष्कळ घरे वाचवते.

आणि बाकीच्यांना

शिकलेल्या पोरांनो, आईबापांचे पाकीट तुम्ही वाचा. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही आणि विचारायची लाज वाटते. सरपंच, ग्रामसेवक, सोसायटीचे सचिव यांनी हे फलकावर लावावे. बचतगटाच्या ताईंनी पुढच्या बैठकीत दहा मिनिटे यालाच द्यावीत. पतसंस्थांच्या संचालकांनो, सुनावणीची नोटीस जामीनदाराला गेली एवढ्यावर थांबू नका, एक फोन करून सोप्या मराठीत सांगा. तुमचाच सभासद आहे. वकील बंधू-भगिनींनो, आठवड्यातला एक तास तालुक्याच्या समितीला द्या.

आणि ज्याच्या घरात थकबाकी आहे त्याच्याशी शेजाऱ्यांनी बोलणे टाकू नये. मी ज्या घरी जप्ती नेली, तिथे माणसे पैशाने मोडलेली होतीच, पण लाजेने जास्त मोडलेली होती. लाजेने पाकीट लपवले, आणि लपवल्याने कर्ज दुप्पट झाले. जीव नकोसा होण्यापर्यंत कुणी आलेच, तर त्याला एकटे सोडू नका. कर्जाला मुदत मिळते, हप्ते मिळतात, तडजोड मिळते.

माझ्या खांद्यावरच्या पिशवीत नेहमी खळीची डबी असायची. एकतीस वर्षांत किती दारांवर बाहेरून कागद डकवले याची गणती नाही. आतल्या माणसाने तो वेळेत वाचावा असे मनात यायचे, पण तेव्हा थांबून सांगणे माझ्या कामात बसत नव्हते. आता बसते. या आवाहनाची प्रत काढा आणि आपल्या दाराला लावा. या वेळी आतल्या बाजूने.

आपला,
एक निवृत्त बेलिफ